घरी व्यायाम सुरू करताय? आधी नीट उभे राहायला शिका

दर वर्षी जानेवारीत आणि रथसप्तमीच्या आसपास माझ्या ओपीडीत एक ठरावीक तक्रार वाढते. रुग्ण साधारण चाळीस ते साठ वयाचा असतो. शुगर किंवा बीपी नुकतेच निघालेले असते. आत येताना एक हात कमरेवर किंवा गुडघ्यावर असतो आणि पहिले वाक्य असते, "डॉक्टर, तुम्हीच म्हणाला होतात ना व्यायाम करा म्हणून?"

हो, मीच म्हणालो होतो. गोळ्या लिहून झाल्यावर शेवटी "रोज अर्धा तास व्यायाम करा" असे आम्ही सगळेच डॉक्टर म्हणतो. गोळी सकाळी की रात्री, जेवणाआधी की नंतर, हे दोनदा समजावतो. व्यायामाच्या वेळी पाय कुठे ठेवायचे, वाकायचे कुठून, श्वास कधी सोडायचा, हे मात्र सांगायचे राहते. बाहेर पंचवीस लोक थांबलेले असतात.

मग पुढचा क्रम नेहमीचा. घरी मोबाइलवर व्हिडिओ लावून पहिल्याच आठवड्यात बैठका, सूर्यनमस्कार, उड्या सुरू होतात. तिसऱ्या आठवड्यात गुडघा दुखतो. व्यायाम बंद होतो. "मला व्यायाम मानवत नाही" असा समज पक्का होतो आणि तीन महिन्यांनी शुगर पुन्हा तिथेच किंवा वर. यातले खरे नुकसान गुडघ्याचे नाही, तो बहुतेक वेळा पंधरा दिवसांत बरा होतो. नुकसान आहे व्यायाम कायमचा सुटण्याचे. म्हणून चिठ्ठीवर लिहायचा राहिलेला भाग आज इथे सविस्तर लिहितो.

तालमीत वस्ताद असतो, घरी कोण?

आपल्या भागाला व्यायाम नवा नाही. लातूर जिल्ह्यातल्या निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार यांनी १९७० साली एडिनबराच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचे सुवर्णपदक मिळवले. असे मल्ल तालमीत घडतात. तिथे नव्या पोराला पहिल्या दिवशी कुणी डाव शिकवत नाही. आधी पवित्रा, म्हणजे उभे कसे राहायचे, वजन कोणत्या पायावर, गुडघा किती वाकलेला. मग जोर-बैठका. आणि हे सगळे वस्तादाच्या नजरेखाली. पाठ वाकली की हाक येते, पाय सरकला की टपली बसते.

सूर्यनमस्काराचेही असेच. आजच्या सातारा जिल्ह्यातल्या औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्कारांचा जोरदार प्रसार केला आणि संस्थानातल्या शाळांत ते सुरू केले. त्यांच्या पद्धतीत एका नमस्काराच्या दहा स्थिती होत्या आणि प्रत्येक स्थितीत हात, पाय, डोके कुठे असावे हे ठरलेले होते. पुढे पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी आसनांमधल्या अचूक ठेवणीवर सर्वांत जास्त भर दिला. १९३७ साली ते पुण्यात शिकवायला आले. त्यांचे 'लाइट ऑन योगा' हे पुस्तक १९६६ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्याचे शरीर आसनात नीट बसत नाही त्याला खुर्ची, पट्टा, लाकडी ठोकळा, भिंत यांचा आधार द्यायचा, पण ठेवण बिघडू द्यायची नाही, ही त्यांची रीत जगभर गेली.

या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. करणाऱ्याकडे बघणारे कुणीतरी आहे. घरी आपण व्हिडिओकडे बघतो, आपल्याकडे कुणी बघत नाही. व्हिडिओतला माणूस "छान, आणखी दहा" म्हणतो, तेव्हा तुमचा गुडघा आत वळलेला आहे हे त्याला दिसत नसते.

"मी सरळच उभा आहे" हे शरीर खोटे का सांगते?

डोळे मिटले तरी आपला हात कुठे आहे हे आपल्याला कळते. स्नायू, स्नायूंच्या दोऱ्या आणि सांध्यांमध्ये बारीक संवेदक असतात. ते ताण आणि कोन यांची खबर मेंदूला सतत पाठवतात. आतल्या कानातून तोलाची आणि तळपायातून दाबाची खबर येते. या सगळ्यांतून मेंदू शरीराचा नकाशा बनवतो.

अडचण अशी की मेंदू सवयीच्या स्थितीलाच 'सरळ' समजू लागतो. वीस वर्षे दुकानाच्या गल्ल्यावर एका बाजूला झुकून बसलेल्या माणसाला तो झुकाव जाणवतच नाही. त्याला खरोखर सरळ उभे केले की तो म्हणतो, "डॉक्टर, वाकडे वाटतेय." लातूर-नांदेडच्या क्लासेसमध्ये दिवसाचे दहा-बारा तास बाकावर काढणाऱ्या मुलांची मान पुढे आणि खांदे आत आलेले असतात. त्यांनाही ते 'नॉर्मल' वाटते. मधुमेह जुना असेल तर तळव्यांची संवेदना कमी होते आणि खबर आणखी अंधूक होते.

म्हणून पहिला नियम: सुरुवातीचे काही आठवडे 'मला कसे वाटते' यावर भरवसा ठेवू नका, बाहेरून तपासा. दुसरा नियम: कमी करा पण नीट करा. मेंदू जे वारंवार होते ते शिकतो, बरोबर असो की चूक. चुकीच्या पन्नास बैठका म्हणजे चुकीचा पन्नास वेळा सराव.

आधी जागा तपासा

आपल्याकडच्या घरांत तीन गोष्टी नेहमी नडतात.

पहिली, फरशी आणि सतरंजी. गुळगुळीत शहाबादी किंवा टाइल्सच्या फरशीवर सतरंजी सरकते. पाय सरकू नये म्हणून तुम्ही नकळत मांड्या आवळता, त्यात गुडघा फिरतो. उभ्याचे व्यायाम थेट कोरड्या फरशीवर अनवाणी करा. सतरंजी किंवा चटई फक्त झोपून करायच्या व्यायामांसाठी ठेवा. ज्यांच्या तळपायाची संवेदना कमी आहे त्यांनी अनवाणी न करता न घसरणारे, सपाट तळाचे बूट घालावेत.

दुसरी, गच्ची. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून गच्चीला उतार दिलेला असतो. डोळ्यांना तो दिसत नाही, पण रोज त्याच जागी त्याच दिशेला तोंड करून उभे राहिलात तर एक पाय सतत खाली राहतो. तांब्याभर पाणी ओतून बघा, वाहत गेले तर ती जागा उभ्याच्या व्यायामाला नको. एप्रिल-मेमध्ये तर आपल्याकडे सकाळी आठनंतर गच्चीवर व्यायाम करूच नका. उन्हाने थकलेल्या शरीराची ठेवण सर्वांत आधी ढासळते.

तिसरी, कपडे. साडी, गाऊन किंवा ढगळ लेंग्यात गुडघा कुठे वळतो ते दिसत नाही. सलवार, ट्रॅक पँट, काहीही चालेल, पण गुडघा आणि घोटा दिसला पाहिजे.

जाता जाता तुमच्या रोजच्या चपलेची टाच उलटी करून बघा. एकाच बाजूने झिजली असेल तर वजन कुठे पडते याचा तो पुरावा समोरच आहे.

पहिला धडा: उभे राहणे

आठवडाभर रोज दोन वेळा, दोन-दोन मिनिटे एवढेच करा. सोपे वाटेल, पण पुढचे सगळे यावर उभे आहे.

१. भिंतीला पाठ करून उभे राहा. टाचा भिंतीपासून चार बोटे पुढे. दोन पावलांत साधारण एक वीत अंतर. पायाची बोटे समोर, किंचित बाहेर गेली तरी चालतात.

२. तळव्यावर तीन ठिकाणी वजन जाणवू द्या: अंगठ्याचे मूळ, करंगळीचे मूळ आणि टाच. तीन पायांच्या तिवईसारखे. बहुतेकांचे वजन टाचेवर किंवा आतल्या कडेवर असते.

३. गुडघे मागे ताणून कुलूप लावल्यासारखे करू नका. अगदी थोडे सैल ठेवा. गुडघ्याची वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेला हवी.

४. नितंब आणि पाठीचा वरचा भाग भिंतीला टेकू द्या. कमरेमागे हात घालून बघा. तळहात जेमतेम जाईल एवढी पोकळी असावी. मूठ जात असेल तर कंबर जास्त आत गेली आहे, पोट हलकेच आत घ्या. काहीच जात नसेल तर कंबर सपाट झाली आहे, थोडी सैल सोडा.

५. खांदे आधी कानाकडे उचला, मग मागे आणि खाली सोडा. छाती फुगवायची नाही. हनुवटी जमिनीला समांतर. डोके भिंतीला टेकत असेल तर उत्तम. वयामुळे पाठीला बाक आला असेल तर डोके जबरदस्तीने मागे ढकलू नका, मागे घडी केलेला टॉवेल ठेवा.

६. आता श्वास सुरू ठेवा. बरेच जण सरळ उभे राहिले की श्वास धरून ठेवतात.

एक मिनिटाने भिंतीपासून एक पाऊल पुढे या, तशीच ठेवण पंधरा-वीस सेकंद ठेवा आणि पुन्हा भिंतीला टेकून तपासा. किती बदलले? हा बदल रोज कमी होत गेला की समजा, मेंदूचा नकाशा दुरुस्त होतोय.

दुसरा धडा: चार हालचाली

घरच्या व्यायामातले जवळजवळ सगळे प्रकार या चार हालचालींवर उभे असतात.

खुर्चीवरून उठणे-बसणे. हीच बैठकांची पहिली पायरी. खुर्ची चाकांची नको, पाठ भिंतीला टेकवलेली हवी. खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा. पावले गुडघ्याच्या किंचित मागे घ्या. कमरेतून नव्हे, खुब्यातून पुढे झुका, नाक पायाच्या बोटांच्या वर येऊ द्या, मग टाचांनी जमीन ढकलत उठा. बसताना तीन आकडे मोजत सावकाश बसा, धपकन नको. गुडघे आत एकमेकांकडे वळतात का, एवढेच बघा. वळत असतील तर बैठक जास्त झाली किंवा खुर्ची खूप खाली आहे. गोधडीची घडी ठेवून बसायची जागा उंच करा. गुडघ्याची झीज असलेल्यांनी इथेच थांबावे, जमिनीपर्यंत बैठक मारण्याची गरज नाही.

इथे एक गैरसमज दूर करतो. "गुडघा पायाच्या बोटांपुढे जाता कामा नये" असे बरेच व्हिडिओ सांगतात. उंच माणसाचा किंवा लांब मांड्या असलेल्याचा गुडघा बैठकीत थोडा पुढे जातोच. तो जबरदस्तीने मागे रोखला तर धड जास्त पुढे झुकते आणि ताण कमरेवर जातो. गुडघा थोडा पुढे गेला तर बिघडत नाही. आत वळणे आणि टाच उचलली जाणे टाळा.

खुब्यातून वाकणे. एक सरळ काठी किंवा झाडूचा लांब दांडा पाठीमागे उभा धरा. तो तीन ठिकाणी टेकला पाहिजे: डोक्याची मागची बाजू, दोन्ही खांद्यांच्या मधला भाग आणि माकडहाड. आता गुडघे थोडे सैल करून नितंब मागे ढकला, जणू हातांत सामान असताना मागचे दार ढुंगणाने लोटताय. काठी तिन्ही ठिकाणी टेकलेली राहिली तर तुम्ही खुब्यातून वाकलात. सुटली तर कंबर वाकली.

या हालचालीचा उपयोग व्यायामापेक्षा घरात जास्त आहे. पाण्याचा जार, गॅसचा सिलिंडर, सोयाबीनचा कट्टा उचलताना पाठ गोल करून वाकले की मणक्यांमधल्या गादीवर दाब खूप वाढतो. कमरेचे बरेच रुग्ण "काही नाही, फक्त घागर उचलली" असे सांगत येतात.

भिंतीवरचे जोर. भिंतीपासून हातभर लांब उभे राहा. तळहात छातीच्या उंचीवर, खांद्यांपेक्षा किंचित रुंद. कोपरे वाकवून छाती भिंतीकडे न्या आणि परत ढकला. कोपरे पंखांसारखी बाजूला उघडू नका, बरगड्यांकडे थोडी तिरकी ठेवा, म्हणजे खांद्याचा सांधा चिमटत नाही. टाचेपासून डोक्यापर्यंत एक रेष. पोट भिंतीकडे आधी गेले तर रेष मोडली. भिंतीवर पंधरा नीट जमले की ओट्यावर हात ठेवून करा, जमिनीवरचे जोर त्यानंतर.

पाठीवर झोपून कंबर उचलणे. गुडघे वाकवून पावले जमिनीवर. नितंब आवळून कंबर उचला. खांदा, खुबा आणि गुडघा एका तिरक्या रेषेत आले की थांबा. त्याहून वर नेले की कंबर मागे वाकते आणि दुसऱ्या दिवशी दुखते. दोन सेकंद थांबून सावकाश खाली.

चारही हालचालींत श्वासाचा नियम एकच: जोर लावताना श्वास सोडा. आठवत नसेल तर आकडे मोठ्याने म्हणा. बोलताना श्वास कोंडता येत नाही. बीपी असलेल्यांनी हे विशेष पाळावे, कारण श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब त्या क्षणी एकदम चढतो.

मग सूर्यनमस्कार कधी?

सूर्यनमस्कार उत्तम व्यायाम आहे. पण त्यात वरच्या सगळ्या हालचाली एकापाठोपाठ एक येतात, म्हणून तो पहिल्या दिवसाचा व्यायाम नाही. महिनाभर वरचे धडे झाले की सुरू करा, दोनने. तीन जागा सांभाळा.

पुढे वाकताना हात जमिनीला टेकलेच पाहिजेत असा हट्ट नको. गुडघे वाकवा, खुब्यातून वाका. पाय मागे नेताना पुढच्या पायाचा गुडघा आत कलतो, तो दुसऱ्या बोटाच्या रेषेत आणा. भुजंगासनात मान मागे फेकून कंबर चिमटू नका. कोपरे वाकलेली ठेवा, छाती पुढे न्या, बेंबी जमिनीजवळ राहू द्या. ज्यांना जमिनीवरून उठबस जमत नाही त्यांनी हात खुर्चीवर ठेवून नमस्कार केले तरी चालते.

आणि रथसप्तमीला १०८ घालायचेच असतील तर तयारी दिवाळीत सुरू करा, आदल्या आठवड्यात नाही.

तुमचे तीन वस्ताद

भिंत: ती खोटे बोलत नाही आणि फुकट आहे. रोज व्यायामाच्या आधी आणि शेवटी एक मिनिट तिच्याकडे जा.

मोबाइल: व्हिडिओ बघायला नव्हे, स्वतःचा काढायला वापरा. फोन जमिनीवर नको, स्टुलावर कमरेच्या उंचीला ठेवा, तीन-चार पावले लांब. दहा सेकंद समोरून आणि दहा सेकंद बाजूने. समोरून गुडघे बघा, बाजूने पाठ आणि मान. आठवड्यातून एकदा पुरे. शिकवणीचा व्हिडिओ आधी पूर्ण बघून घ्या, बंद करा आणि मग करा. व्यायाम करता करता खाली ठेवलेल्या फोनकडे बघणे म्हणजे मान वाकडी करून सगळी ठेवण बिघडवणे. आरशाचेही तसेच, तो समोर हवा, बाजूला नको.

घरातले माणूस: त्याला सगळे शिकवायची गरज नाही. एकच काम द्या: "माझे गुडघे आत येतात का एवढेच सांग." पुढच्या आठवड्यात दुसरा प्रश्न. दहा वर्षांची नात हे काम फार चोख करते, भीडही ठेवत नाही.

चार आठवड्यांचा क्रम

पहिला आठवडा: फक्त भिंतीजवळ उभे राहणे आणि काठीने वाकण्याचा सराव. रोजचे चालणे असेल तर ते चालू ठेवा.

दुसरा आठवडा: त्यात खुर्चीवरून उठबस, आठ वेळा. एक दिवसाआड.

तिसरा आठवडा: भिंतीवरचे जोर आणि कंबर उचलणे, प्रत्येकी आठ. तेही एक दिवसाआड.

चौथा आठवडा: चारही हालचालींच्या दोन फेऱ्या, मध्ये एक मिनिट विश्रांती.

आठमधल्या सहाव्या वेळी ठेवण बिघडली तर तुमचा आकडा पाच. बिघडलेल्या धरायच्या नाहीत. पाच नीट जमत राहिले की सहा आपोआप येतात.

जागतिक आरोग्य संघटनेचा प्रौढांसाठी सल्ला आहे आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल, उदाहरणार्थ भराभर चालणे, आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम. वरचा क्रम या दुसऱ्या भागाची तयारी आहे. चालणे त्याऐवजी नाही, त्याच्यासोबत हवे.

कोणते दुखणे चालेल, कोणते नाही?

नव्या व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या, दंड जड होणे, दाबल्यावर दुखणे हे स्नायूंचे दुखणे आहे. दोन्ही बाजूंना सारखे असते आणि दोन-तीन दिवसांत जाते. घाबरू नका, त्या दिवशी चालणे तेवढे करा.

सांध्याच्या आत टोचल्यासारखे, एकाच बाजूला आणि व्यायाम करता करताच दुखले तर तो प्रकार थांबवा. आधी ठेवण तपासा, आकडा निम्मा करा. आठवड्याने तरीही दुखत असेल तर दाखवा.

पुढील लक्षणांत मात्र वाट बघू नका:

- छातीत दाब, जबडा किंवा डाव्या हातात कळ, धाप, घाम, चक्कर. व्यायाम तिथेच थांबवून लगेच दवाखाना गाठा.
- कमरेतून पायात उतरणारी कळ, पायाला मुंग्या, पाऊल लुळे वाटणे.
- कंबरदुखीसोबत लघवी-शौचावरचा ताबा जाणे किंवा बसण्याच्या जागेची संवेदना जाणे. ही तातडीची अवस्था आहे, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा.
- गुडघा सुजणे, गरम होणे, अडकणे.
- रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, सोबत ताप किंवा वजन घटणे.

सुरुवातीआधी कुणी विचारावे?

हृदयविकार झालेला असेल, बीपी ताब्यात नसेल, मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्याला त्रास असेल, हाडे ठिसूळ असतील, गरोदरपण किंवा नुकतेच बाळंतपण झाले असेल, तर आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला. इन्सुलिन किंवा शुगर एकदम उतरवू शकणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी व्यायाम करू नका आणि साखर जवळ ठेवा. थरथर, घाम, डोळ्यांपुढे अंधारी आली तर थांबून लगेच साखर घ्या. मधुमेहींनी व्यायामानंतर तळवे रोज बघावेत.

एकदा फिजिओथेरपिस्टकडून आपली ठेवण तपासून घेता आली तर फार चांगले. जुने दुखणे असेल तर नांदेडला विष्णुपुरीतील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था इथल्या अस्थिरोग विभागात दाखवता येते. जाताना मोबाइलमधला तुमचा दहा सेकंदांचा व्हिडिओ सोबत न्या. "बैठका मारल्यावर दुखते" या वाक्यापेक्षा तो डॉक्टरांना जास्त सांगतो.

आता माझ्या ओपीडीत "व्यायाम करा" म्हटल्यावर मी रुग्णाला खुर्चीतून दोनदा उठायला-बसायला लावतो. पाऊण मिनिट जातो. बहुतेकांचे गुडघे आत येतात, ते त्यांना दाखवतो, पाऊल थोडे बाहेर वळवून पुन्हा उठायला सांगतो. "आता हलके वाटतेय," असे बरेच जण म्हणतात. तुम्हीही हे वाचून झाले की ज्या खुर्चीवर बसला आहात तिच्यावरून एकदा सावकाश उठा, आणि खाली गुडघ्यांकडे बघा. सुरुवात तिथूनच आहे.